कडू प्यायलं की साखर उतरते का?

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून शनिवारी पहाटे शिर्डीला घरी पोचलो. बॅग खाली ठेवतोय तोच स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. इतक्या सकाळी चटणी कसली म्हणून डोकावलो, तर अण्णा (माझे वडील) कडुलिंबाचा पाला वाटत होते. फडक्यातून पिळून तो हिरवागार रस त्यांनी स्टीलच्या पेल्यात घेतला आणि उभ्या उभ्या एका दमात संपवला. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. मी गुढीपाडव्याला गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ असं सगळं घालून चिमूटभर खातो, तरी माझं तोंड तासभर वाकडं असतं!

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले की तीन महिने."

"आणि गोळ्या?"

अण्णा पेला विसळत राहिले. उत्तर आतल्या खोलीतून आईने दिलं. "बंद केल्यात. मी सांगून सांगून दमले. आता तूच बघ."

अण्णांना आठ वर्षांपासून डायबेटिस आहे. रोज दोन वेळा मेटफॉर्मिन, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीए१सी नावाची टेस्ट. मागच्या वेळी ती ७.२ होती. टीव्हीखालच्या कपाटातून आईने नवा रिपोर्ट काढून दिला. ९.४.

आता शिर्डीत राहून कडुलिंबाबद्दल कुणाला काही सांगायला जाऊ नये हे मला कळतं. आमच्या गावाचं गुरुस्थान म्हणजेच एका कडुलिंबाखालची जागा. सोळा वर्षांचा एक तरुण फकीर पहिल्यांदा दिसला तो त्याच झाडाखाली, अशी कथा आहे. त्या झाडाची पानं गोड लागतात अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि वाऱ्याने एखादं पान गळून पडलं की ते उचलायला आजही झुंबड उडते. लहानपणी दुकानातून (आमचं हार-प्रसादाचं छोटं दुकान आहे) पळ काढून मीही तिथे टपून बसायचो. त्या श्रद्धेबद्दल मला इथे काहीही म्हणायचं नाही. पण अण्णा रोज पितात तो पाला गुरुस्थानचा नाही, आमच्या शेताच्या बांधावरचा आहे. त्यांचा हिशोब असा, की गुरुस्थानचं पान गोड म्हणून तो प्रसाद आणि बांधावरचं कडू म्हणून ते औषध.

शनिवारचा वाद मी सपशेल हरलो. इंजिनियर माणूस वाद घालतो तसाच घातला. मोबाइलवर पेपर उघडले, आकडे वाचून दाखवले, आवाज चढवला. अण्णांकडे मात्र तीन साधे मुद्दे होते. एक, कडू हे गोडाला मारतं. दोन, झाडपाल्याने अपाय होत नाही, गोळी म्हणजे केमिकल. तीन, कडुलिंबात काही नसतं तर अमेरिकेने त्याचं पेटंट कशाला घेतलं असतं? माझ्या अकरा पेपरांपेक्षा हे तीन मुद्दे कुणालाही पटतील असेच होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत बसलो, आणि मग लक्षात आलं की या मुद्द्यांना उत्तर पेपरात नाही, आमच्या गावातच आहे. द्वारकामाईत.

साईबाबा चिलीम ओढायचे हे शिर्डीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चिलमीत काय, तर तंबाखू. बाबा द्वारकामाईत बसून चिलीम ओढत होते त्याच काळात, १९०५ साली, तिकडे इंग्लंडमध्ये केंब्रिजला लँगले नावाचा शास्त्रज्ञ याच तंबाखूतलं निकोटीन कोंबडीच्या स्नायूंवर टाकून बघत होता. निकोटीन टाकलं की स्नायू आकसायचा. मज्जातंतू कापून टाकला, तो पार निकामी झाला, तरी आकसायचा. आणि क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतल्या वेलीचं विष टाकलं की निकोटीनचा असर बंद! त्यावरून त्याने ठरवलं की स्नायूच्या पेशीतच असं काहीतरी असलं पाहिजे ज्याला निकोटीन जाऊन चिकटतं. त्यालाच आज आपण रिसेप्टर म्हणतो. मी त्याला सरळ कुलूप म्हणतो. गंमत म्हणजे 'हार्मोन' हा शब्दही त्याच वर्षीचा, १९०५ चा. लंडनमध्ये स्टार्लिंगने तो एका व्याख्यानात पहिल्यांदा वापरला, शरीराच्या एका भागातून रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप नेणाऱ्या पदार्थांसाठी. म्हणजे निरोप्या आणि कुलूप दोघांची बारशी एकाच वर्षी झाली.

तंबाखूच्या झाडाने निकोटीन काही आपल्यासाठी बनवलेलं नाही. पान कुरतडणाऱ्या किड्यांना मारायला बनवलंय. पण किड्याच्या मज्जासंस्थेत आणि आपल्या मेंदूत-स्नायूंत असिटिलकोलीन या निरोप्यासाठी जी कुलपं आहेत ती खूपशी सारखी आहेत, म्हणून किड्यासाठी केलेली किल्ली आपल्यालाही लागते. इतकी चपखल, की आपल्या शरीरातल्या त्या कुलपाचं नावच 'निकोटिनिक रिसेप्टर' पडलं. आपलं कुलूप, नाव तंबाखूचं! ज्यांना मळल्याशिवाय सकाळ उजाडत नाही त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता कडुलिंब बघा. त्याच्या निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन नावाचं रसायन असतं. १९६८ साली इंग्लंडमध्ये ते वेगळं काढलं गेलं. रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. हे रसायन किड्यांच्या हार्मोनवर घाला घालतं. अळी वाढते ती कात टाकत टाकत, आणि कात टाकायचा निरोप देणारं हार्मोन म्हणजे एक्डायसोन. (१९५४ मध्ये जर्मनीत रेशमाच्या किड्यांचे ५०० किलो कोष वापरून जेमतेम २५ मिलिग्रॅम एक्डायसोन हाती आलं होतं. आपण प्रोजेक्ट उशिरा झाला म्हणून रडतो!) ॲझाडिरॅक्टिनमुळे तो निरोप वेळेवर सुटतच नाही. अळी खाणं टाकते, कात अर्धवट राहते आणि ती मरते. आमच्याकडे शेतात ५ टक्के निंबोळी अर्क मारतात तो यासाठीच. ५ किलो निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजत घालून, गाळून १०० लिटर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात ते रसायन टिकत नाही. हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पण माणूस कात टाकत नाही. आपल्यात एक्डायसोनची ती यंत्रणाच नाही. उलट पालकाच्या भाजीत एक्डायसोनचं जवळचं भावंड चांगलं भरपूर असतं, आणि पिढ्यानपिढ्या पालक खाऊनही कुणी आपली कातडी काढून खुंटीला टांगल्याचं ऐकिवात नाही :-) थोडक्यात, एकाच किड्यावर दात धरून असलेली दोन झाडं. एकाची किल्ली आपल्या कुलपाला लागते, दुसऱ्याच्या या किल्लीला आपल्याकडे दारच नाही. दोन्ही तितकीच नैसर्गिक.

'केमिकल की नैसर्गिक' हा प्रश्नच मला म्हणून फसवा वाटतो. प्रश्न असा हवा, की हा रेणू माझ्या शरीरात कोणत्या कुलपाला लागतो, किती पोटात गेल्यावर लागतो, आणि ते कुणी मोजून पाहिलंय का.

हाच नियम उलट्या बाजूनेही लावा. अण्णा नाशिककडची द्राक्षं खात नाहीत. का, तर 'त्याला हार्मोन मारलेलं असतं'. आता द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवतात हे खरं आहे. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हे झाडाचं हार्मोन. जपानमध्ये भाताला एक बुरशी लागायची आणि रोपं खुळ्यासारखी उंच वाढून आडवी पडायची, १९२६ मध्ये कुरोसावाने दाखवलं की हे काम बुरशीतून पाझरणाऱ्या पदार्थाचं आहे, त्यातून जिबरेलिन सापडलं. भात आणि द्राक्ष यांच्याकडे त्याचं कुलूप आहे. आपल्याकडे तशी वाढीची व्यवस्थाच नाही. सर्व्हरला भलत्याच पोर्टवर मेसेज पाठवल्यासारखं आहे ते, तिथे कुणी ऐकतच नसतं. आणखी एक मजा सांगतो. झाडांच्या वाढीचं सगळ्यात प्रसिद्ध हार्मोन, ऑक्सिन, १९३४ साली शुद्ध स्वरूपात मिळालं ते कुठून? माणसाच्या लघवीतून! कुणाला ते पिऊन फांद्या फुटल्या नाहीत. (द्राक्षावर इतर जी औषधं मारतात त्यांचा अंश हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, धुवून खावीत. आणि अण्णांनी द्राक्षं बेतानेच खावीत हेही खरंच, पण त्याचं कारण त्यातली साखर आहे, हार्मोन नाही.)

हे सगळं रविवारी सकाळी अंगणात पेरू कापता कापता मी सांगत होतो. पेरू राहात्याचा, बिया काढून, तिखटमीठ लावून. अण्णा ऐकत होते, कारण यावेळी मी मोबाइल खिशातच ठेवला होता. मध्येच आईने विचारलं, "मग ते सोयाबीनचं काय? बायकांचं हार्मोन असतं म्हणे त्यात. मी पिठात घालते."

हा प्रश्न माझ्यापेक्षा हुशार होता. कारण इथे झाडाची किल्ली खरोखर आपल्या हार्मोनच्या कुलपाला लागते. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. गवतातले आयसोफ्लेव्होन हे इस्ट्रोजेनच्या कुलपात शिरत होते. सोयाबीनमधलं जेनिस्टीन त्याच कुटुंबातलं. पण मेंढ्या दिवसभर दुसरं काही खातच नव्हत्या, आणि ही किल्ली आपल्या अस्सल इस्ट्रोजेनपेक्षा खूपच ढिली बसते. पुरुषांवर जे अभ्यास झाले त्यांत सोया खाऊन टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचं दिसलेलं नाही. तेव्हा चपातीत मूठभर सोयाबीनने काही बिघडत नाही. आईची थायरॉइडची गोळी मात्र सोयापासून लांब ठेवायला हवी, कारण ती आतड्यात शोषली जाताना सोया आडवं येतं. सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि सोयाचं काही खायचं ते नंतर चांगल्या काही तासांनी. आई म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं नाही ते." कुलूपबिलूप तिला फारसं भावलं नसावं, वेळेचं गणित भावलं.

तर आता अण्णांचे तीन मुद्दे.

कडू गोडाला मारतं. जिभेवर, हो. कडू ओळखणारी सुमारे २५ प्रकारची कुलपं माणसाकडे आहेत. बहुतेक विषं कडू असतात म्हणून ती धोक्याची घंटा आहे. पण जिभेवरचं गोड आणि रक्तातली साखर यांचा संबंध फक्त नावापुरता. रक्तातली साखर पेशींत न्यायची तर इन्सुलिनचं कुलूप उघडावं लागतं. रात्रभर उपाशी असताना साखर वाढते ती यकृत सोडत राहतं म्हणून. तिथे चव घ्यायला जीभ नसते. कडुलिंबाच्या पाल्याने साखर थोडी उतरते असं उंदीर-सशांवरच्या प्रयोगांत दिसलंय, माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. म्हणजे असर शून्यच आहे असं मी म्हणत नाही. पण असर असेल तर तो एखाद्या रेणूचा असेल, कडूपणाचा नव्हे. आणि असर असेलच तर ते औषध झालं, मग मूठभर पाला म्हणजे किती हे कुणीतरी मोजायला नको? पावसाळ्यातला पाला आणि चैत्रातली कोवळी पालवी यांत तेवढंच असेल कशावरून? गोळीसोबत घेतलं आणि साखर भलतीच खाली गेली तर?

झाडपाल्याने अपाय होत नाही. हे तर आमच्याच झाडाला लागू नाही. १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मलेशियातल्या तान्ह्या मुलांची हकिगत छापून आली होती. किरकोळ दुखण्यांवर घरच्यांनी कडुलिंबाचं तेल पाजलं, तेही थोडंसंच, आणि मुलांना उलट्या, झटके, यकृत आणि मेंदू दोन्हींना इजा. कडुलिंबापासून गर्भनिरोधक बनवता येईल का, यावर दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने बरंच काम केलं. ज्या झाडातून असं औषध निघू शकतं ते झाड निरुपद्रवी असेल कसं? ताकद आहे म्हटलं की अपायाची शक्यताही आलीच. एक मान्य करायचं आणि दुसरं नाकारायचं, हे जमत नाही.

आणि आता खरी गंमत. अण्णांनी जी 'केमिकल' गोळी बंद केली, त्या मेटफॉर्मिनचा मूळपुरुषही एक झाडच आहे! युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं झुडूप होतं. जास्त लघवी होणाऱ्या रोग्यांना ते जुन्या काळी देत असत. त्यात ग्वानिडीन जातीची रसायनं असतात. ग्वानिडीनने रक्तातली साखर उतरते हे लक्षात आलं ते १९१८ साली, ज्या विजयादशमीला बाबांनी देह ठेवला त्याच वर्षी. पुढे झाडातलं गॅलेजीन थेट माणसांना देऊन पाहिलं. साखर उतरली, पण झेपेना, विषारी निघालं. अमेरिकेत चारा म्हणून नेलेलं हेच झुडूप पुढे गुरांना बाधतं म्हणून तण ठरलं. मग त्याच घराण्यातला सौम्य रेणू लोकांनी धरला. मेटफॉर्मिन १९२२ सालीच बनलेलं होतं, पण १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. झाँ स्टेर्न यांनी ते डायबेटिसच्या रोग्यांना देऊन निष्कर्ष छापले. यकृतातून साखर सुटते तिला ते मुख्यतः आळा घालतं. अमेरिकेत तर ते १९९५ मध्ये बाजारात आलं. झाडातला चांगला गुण ठेवून वाईट गुण काढायला इतकी वर्षं लागली. अण्णांनी ती सगळी मेहनत खिडकीतून फेकून पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन पाला वाटायला घेतला होता. हे मी असंच म्हणालो, आणि जरा जास्तच बोललो असं लगेच वाटलं.

पेटंटचा मुद्दा राहिला. तो थोडक्यात. १९९४ मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुलिंबाच्या तेलाचं पेटंट दिलं होतं. ते २००० मध्ये रद्द झालं, अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. आपण ती लढाई जिंकलो याचा मलाही आनंद आहे. पण ते पेटंट पिकांवरच्या बुरशीचं होतं, डायबेटिसशी त्याचा काडीचा संबंध नाही.

अण्णा बराच वेळ पेरूच्या फोडी चिवडत बसले. मग म्हणाले, "गोळी खाल्ली की पोटात गुडगुडतं रे. दुकानावर बसवत नाही. गुरुवारी गर्दी असते, दर तासाला उठून कुठं जाऊ?"

आठ वर्षांत हे ते डॉक्टरांना बोललेच नव्हते. आईलाही नाही. मी तीस तास कुलूपकिल्ली सांगत होतो आणि मूळ अडचण ही होती! मेटफॉर्मिनने पोट बिघडणं हा त्याचा अगदी नेहमीचा त्रास आहे. त्यावर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, जेवणासोबत घेता येते, कमी डोसपासून वाढवता येते. हे कुणी त्यांना विचारलं नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मधल्या रिकाम्या जागेत शेजारच्या लॉजवाल्याचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड येऊन बसला. मला आता त्या फॉरवर्डचा तितका राग येत नाही. ज्याचं पोट दुखतंय त्याला 'साइड इफेक्ट नाही' एवढे तीन शब्द पुरतात. आपण सुशिक्षित लोक त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो आणि पोटाचं विचारतच नाही. मीही शनिवारभर तेच केलं.

सोमवारी सुट्टी टाकली आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. रसाचंही सांगितलं, अण्णांनी स्वतःच सांगितलं, जरा अवघडत. गोळी बदलून मिळाली, रस सध्या बंद, दोन आठवडे घरी मशिनवर साखर मोजून वहीत लिहायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी. पाडव्याला पानं खायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

वही मीच आणून दिली, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी लाल. काल रात्री आईने पहिल्या पाच दिवसांचा फोटो पाठवला. उपाशीपोटीचे आकडे आहेत १९२, १८८, १७१, १७६, १६४. मधला एक आकडा पुन्हा वर गेलाय त्याच्यापुढे अण्णांच्या अक्षरात लिहिलंय : 'बुंदी'.